मी उठले की संपलं

आमची बबी पियानो वाजवायला बसली की तिचं वाजवणं नेमकं संपलं कधी, हे घरात कुणालाच कळायचं नाही. भजनाचं बरं असतं. शेवटी गजर होतो, टाळ खाली ठेवले जातात. हिचं मध्येच थांबायचं. मी टाळ्या वाजवल्या की पुन्हा सुरू. शेवटी या धाकट्या बहिणीनं माझ्यासाठी नियमच करून टाकला, "दादा, मी उठले की संपलं. तोवर हात मांडीवर."

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत मीही नवाच कारकून. कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे साहेबांनाच ठाऊक नव्हतं, तर मला कुठून असणार? त्या गोंधळात एक इंजिनिअर बदलून आले आणि त्यांच्या गोव्याकडच्या बायकोचा पियानो ट्रकमधून उतरला. भजनात पेटी वाजवणारी बबी तो नुसता बघायला म्हणून गेली, ती त्या बाईंकडे शिकायलाच लागली. पुढे इंजिनिअरसाहेबांची नांदेडला बदली झाली, तेव्हा बाई पियानो आमच्याकडेच ठेवून गेल्या. जाताना बजावलं, हवा कोरडी आहे, लाकूड तडकेल. आत खालच्या बाजूला पाण्याचं भांडं ठेवत जा.

आणि नेमका दुष्काळ पडला. टँकर कधी यायचा, कधी नाही. आई म्हणाली, "माणसाला घोटभर न्हाई अन् लाकडाला लोटाभर?"

"माझ्या वाटणीचं देतेय ना," बबी म्हणायची, आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची.

भांड्यातलं पाणी रोज थोडं कमी व्हायचं. हवेनं सुकतं हे मला समजत होतं, तरी मी पियानोकडे जरा संशयानंच बघायचो. समोरच्या किराणा दुकानातले अप्पा तर मुद्दाम बघायला आले. "तुमची पेटी पाणी पिती म्हनं. मंग दूध किती देती?"

बबी हसली नाही. बाईंच्या मुंबईच्या गुरू नांदेडला येणार होत्या आणि तिथून आमच्याकडे, बबीला ऐकायला. पसंत पडली तर तिला मुंबईला नेऊन मैफलीसाठी तयार करणार होत्या. तोवर पियानो टिकायला हवा होता. बिघडला तर दुरुस्त करणारं लातुरात कोण?

गुरूबाई आल्या. बबीनं वाजवलं आणि ती थांबली. पाहुण्यांसमोर इतका वेळ गप्प बसायची आमच्या घराण्यात रीत नाही. मी म्हणालो, "चहा टाकायचा का?"

बबीनं मागे न बघताच विचारलं, "दादा, मी उठले का?"

आणि पुढचं वाजवायला लागली. संपल्यावर गुरूबाई म्हणाल्या, "एवढ्या व्यत्ययातही हात हलला नाही, म्हणजे स्टेजवरही हलणार नाही. पाठवा."

पुढे तिच्या मैफली होऊ लागल्या. पहिलीला मी शेजारच्या माणसाच्या हातांकडे बघत बसलो होतो. तो माझ्या हातांकडे बघत होता.

पण मला आठवते ती तिच्या मुंबईला निघण्याची सकाळ. एसटीला वेळ होता. तिनं थोडं वाजवलं, झाकण लावलं आणि उठली. "उठले, दादा. आता वाजवा टाळ्या."

माझे हात मांडीवरून हलेनात. एवढ्यात आई लोटा घेऊन आली. बबीला वाटलं, प्यायला आणलं. तिनं हात पुढे केला. आई तिला वळसा घालून पियानोपाशी वाकली आणि भांड्यात पाणी ओतलं.

"तुझ्याच वाटणीचं हाय," आई म्हणाली. "तू गेलीस तरी तुझा वाटा निघंलच की."