सव्वा वर्षाचे खांदे

शहाऐंशी सालच्या सुरुवातीला गावातल्या बायकांना खांदे फुटले. झाडाला पालवी फुटते तसे, रातोरात. सोमवारी ज्या बाया साध्यासुध्या दिसत होत्या, त्या पुढच्या सोमवारी दारातून शिरताना अंग तिरपं करायला लागल्या. ब्लाऊजच्या, जॅकेटच्या आत फोमच्या गाद्या घालायच्या आणि खांदे असे रुंद, असे चौकोनी करायचे, की बाई मागून बघितली तर कपाट चालल्यासारखं वाटावं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हे खूळ पहिल्यांदा खारूताईने आणलं. खारूताई म्हणजे पाच नंबरच्या बोर्डवरची ऑपरेटर. दिवसभर काहीतरी कुरतडत असायची म्हणून हे नाव. तिचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी, आणि महिन्याभरात पंधरातल्या चौदा जणी खांदेकरी झाल्या. जिन्यावर दोघींना एकदम जाता येईना. एकीची गादी घसरून पाठीवर गेली, तर तिला दिवसभर कोणी सांगितलं नाही. दुसरीची वाकताना थेट चहात पडली. मुख्य बाई तर जॅकेट घालून अशा ताठ चालायच्या, की हँगर काढायचा राहिला की काय, अशी शंका यावी.

राहिली फक्त तीन नंबरच्या बोर्डवरची. तिला घरी दारी सगळे धाकटी म्हणत. वय एकतीस. आवाज असा, की ट्रंक कॉल लावणारी माणसं मुद्दाम विचारत, "त्या तीन नंबरच्या बाई आहेत का?" पण आवाज तारेतून जातो, खांदा जात नाही. नऊ वर्षांची असताना ती माळ्यावर चढायच्या शिडीवरून पडली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते ज्याने बसवलं त्याने वाकडंच बसवलं, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली राहिला. तेव्हापासून तिच्या गळ्यात कायम स्कार्फ. उन्हाळा असो, हिवाळा असो, स्कार्फाची दोन टोकं डाव्या बाजूला मुद्दाम ढीग करून सोडलेली. आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." एवढं म्हणून आई निवांत व्हायची. मूठ झाकून धरणाऱ्या हाताला कळ लागते, हे तिच्या गावीही नसायचं.

खारूताई मनाने वाईट नव्हती. एके दिवशी तिने धाकटीच्या पुढ्यात फोमच्या गाद्यांचा एक जोड ठेवला. "माझ्याकडे जास्तीचा आहे. घाल गं. तूच एकटी राहिलीस."

धाकटीने घरी जाऊन दार लावलं आणि गाद्या घालून आरशासमोर उभी राहिली. दोन्हीकडे सारखीच उंची चढली, म्हणजे फरक होता तिथेच राहिला. उलट आता तो लांबून दिसायला लागला. तिने गाद्या काढून कपाटात भिरकावल्या. एक कपाटाबाहेर पडली, ती नेमकी दार ढकलून आत आलेल्या थोरलीच्या पायाशी.

थोरली म्हणजे मोठी बहीण. धाकटीपेक्षा सात वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ. धाकटीच्या बाबतीत तर उगाचच चिडकी. जेवलीस का, हेही भांडल्यासारखं विचारायची. तिने गादी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"टाचणीबाईकडे. जॅकेट शिवायला."

"नको. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"जॅकेट हवंय की नको, तेवढं सांग. बाकीचं मी विचारलेलं नाही."

धाकटीने कपाटाचं दार लावलं. थोरलीने त्याचा अर्थ हो असा घेतला.

टाचणीबाई चांभाराच्या दुकानाच्या वरच्या खोलीत शिवायच्या. साठीच्या, सुकलेल्या, बोटं मात्र लांब आणि तरुण. दातांत कायम पाचसहा टाचण्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून. खोलीत एक लांब टेबल, दोन इस्त्र्या, खडूचे तुकडे, खाकी कागदांची भेंडोळी आणि भिंतभर एक जाड पडदा. दोघी बहिणी आत आल्या तशा त्या म्हणाल्या, "स्कार्फ काढ."

"मला जरा थंडी वाजते," धाकटी म्हणाली.

"ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतेस?"

धाकटीने स्कार्फ काढला. बाईंनी मोजायची फीत घेतलीच नाही. तिच्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे दोन खांद्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. तळवे उबदार होते, इस्त्रीवरून आत्ताच उचलल्यासारखे. ते हळूहळू सरकले, मानेच्या मणक्यावर आले, तिथून पाठीवर उतरले, पुन्हा वर गेले. डॉक्टरांनी तिला कैकदा तपासलं होतं, पण असं कोणी हात लावला नव्हता. डॉक्टर मोडलेलं काय ते शोधायचे. या बाई नुसतं काय आहे ते वाचत होत्या. धाकटीला वाटलं, आपली पाठ म्हणजे पत्र आहे, आणि इतक्या वर्षांनी ते कोणीतरी पहिल्या ओळीपासून वाचतंय.

"किती वर्षं झाली?" बाईंनी विचारलं.

"बावीस. शिडीवरून पडले होते."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "शिडी मी धरली होती."

धाकटीने मान वळवली. थोरली स्टुलावर बसली होती आणि फरशीकडे बघत होती. "खाली कोणीतरी हाक मारली म्हणून मी सोडली. जराशीच. दोन क्षण." बावीस वर्षांत हे वाक्य घरात कधीच कोणी उच्चारलं नव्हतं. धाकटीला ते माहीतही नव्हतं. तिला आठवत होता तो फक्त माळ्यावरचा उजेड आणि मग जमीन. म्हणजे इतकी वर्षं ही सगळी चिडचिड, जेवलीस का म्हणून अंगावर येणं, हे सगळं ते होतं तर.

टाचणीबाईंनी शांतपणे तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या आणि डबी थोरलीपुढे धरली.

"आता ही धर," त्या म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

थोरलीने दोन्ही हातांनी डबी धरली. पुढचा तासभर धरून बसली.

बाईंनी फोम वापरला नाही. लोकर दाबून केलेल्या नमद्याचे आणि कापसाचे थर एकावर एक रचले, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा लहान, म्हणजे कडा कुठे टोचू नये, कुठे दिसू नये. उजवीकडे तीन थर, डावीकडे आठ. डावी बाहीसुद्धा वेगळी कापली, कॉलरला डावीकडे जरा जास्त कापड सोडलं. तीनदा घालून पाहायला बोलावलं. तिसऱ्यांदा जॅकेट अंगावर चढवलं, बटणं लावली, मागून एकदा पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बघ."

जॅकेट गडद हिरव्या रंगाचं होतं. आरशातल्या बाईचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. पाणी भरलेली परात ठेवली असती तरी कलंडली नसती. धाकटी बघत राहिली. एक पाऊल मागे गेली, परत पुढे आली, बाजूला वळून बघितलं. रेषा हलली नाही. तिने तोंडावर हात धरला. थोरली उठून तिच्या मागे आली आणि जॅकेटवरचा नसलेला दोरा बराच वेळ झटकत राहिली.

दुसऱ्या दिवशी धाकटी स्कार्फाशिवाय एक्स्चेंजमध्ये गेली. आता कोणी काही म्हणेल, आता म्हणेल. खारूताई कुरतडता कुरतडता एवढंच म्हणाली, "हिरवा रंग खुलतो गं तुला." मुख्य बाई म्हणाल्या, "तीन नंबर, दोन मिनिटं उशीर झालाय." संपलं. कोणाच्या काही लक्षातच आलं नाही! सगळ्याच कपाटं झालेल्या, त्यात आणखी एक कपाट. ज्या बाईकडे बघून माणसं पटकन नजर दुसरीकडे वळवायची, तिच्याकडे बघून आज कोणी नजर वळवली नाही, आणि रोखलीही नाही. जगात इतक्या बायका रोज अशाच वावरतात, कोणाच्या डोळ्यांत न अडकता, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, याचं तिला दिवसभर नवल वाटत राहिलं.

संध्याकाळी मोठ्या रस्त्याने घरी जाताना एका दुकानाच्या काचेत तिला एक बाई दिसली. ताठ, झपझप चालणारी. 'काय चालते!' असं मनात येतंय तोवर हातातली पिशवी ओळखीची वाटली. ती जागीच थांबली, इतका वेळ, की दुकानदार बाहेर आला.

"काही दाखवू का बाई?"

"नको," धाकटी म्हणाली, "दिसलं."

त्या सव्वा वर्षात तिने पूर्वी जे केलं नसतं ते केलं. नव्या मुलींना बोर्ड शिकवणारी बाई हवी होती. वर्गासमोर उभं राहून, फळ्यावर लिहून शिकवायचं काम. धाकटीने अर्ज केला आणि तिला ते मिळालं.

आणि मग खांदे गेले. आले तसेच, रातोरात. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात खारूताई पातळ, झुळझुळीत ब्लाऊज घालून आली, खांदे उतरते, गोल. "आता हेच चालतं," ती म्हणाली. पंधरा दिवसांत गाद्यांचा ढीग कचऱ्यात पडला. फरशी पुसणाऱ्या बाईने त्यातला एक चांगला जोड वेचून गुडघ्यांना बांधला आणि म्हणाली, "एवढ्या दिवसांत आत्ता कुठे या वस्तूचा उपयोग कळला."

सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली होती. कपाटांच्या गर्दीत कपाट खपून जातं; मोकळ्या खोलीत ते उठून दिसतं. त्याच दिवशी ती एकटीच चांभाराच्या दुकानावरचा जिना चढली.

"अजून एक जॅकेट शिवा," ती म्हणाली. "असंच. अगदी असंच."

"शिवीन की. दहा शिवीन," टाचणीबाई म्हणाल्या. "पण आधी इकडे ये."

त्यांनी भिंतीवरचा जाड पडदा बाजूला केला.

मागे भिंतभर खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्याला खाकी कागदाचे नमुने टांगलेले. शेकडो. पाठीचे, छातीचे, बाह्यांचे. नाव कशावर नव्हतं, नुसत्या खुणा: चांदणी, मासा, किल्ली, दोन रेघा. वाऱ्याने ते सगळे एकदम सळसळले, जणू खोलीभर बायका पाठमोऱ्या उभ्या आहेत आणि कोणीतरी आल्याची चाहूल त्यांना लागली आहे.

"बाकीचे शिंपी अर्धा नमुना कापतात आणि घडी घालून दुसरा अर्धा तसाच काढतात," बाई म्हणाल्या. "मी डावा वेगळा कापते, उजवा वेगळा. कुठलाही काढ. एकावर एक ठेव."

धाकटीने मासा काढला. दोन अर्धुकं टेबलावर एकमेकांवर ठेवली. एक खांदा अंगठाभर पुढे आला होता. तिने किल्ली काढली. कंबर एका बाजूला वर. चांदणीची एक बाही दुसरीपेक्षा लांब. ती एकेक काढत गेली, ठेवत गेली. एकाचीही कड दुसऱ्या कडेवर बसेना.

"एकही जुळत नाही?"

"चौतीस वर्षांत एकही नाही. एकदा एक बाई आली होती, इतकी देखणी, इतकी रेखीव, की मला वाटलं, सापडली. तिची पाठ तर सगळ्यात वाकडी निघाली."

"कोण ती?"

"ते विचारायचं नाही. इथलं इथेच राहतं."

"मग रस्त्याने चालताना सगळ्या सरळ कशा दिसतात?"

टाचणीबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला. "मी शिवते म्हणून."

धाकटी त्या भिंतीसमोर उभी राहिली. म्हणजे अख्खं गाव. मुख्य बाई, भाजीवाली, शाळेतल्या बाई, रोज जिच्या रूपाचा तिला हेवा वाटायचा ती समोरच्या घरातली, सगळ्या इथे टांगलेल्या, कुठल्या ना कुठल्या खुणेखाली, प्रत्येकीचं एकेक गुपित. आणि या एका बाईने चौतीस वर्षं ते बोटांत सांभाळलं, तोंडात टाचण्या धरून. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मोठ्या पर्वतापुढे उभं राहिल्यावर येतो तसा.

"माझी खूण कुठली?" तिने विचारलं.

"शिडी," बाई म्हणाल्या. "काय शिवू मग?"

"पातळ ब्लाऊज. गादीशिवाय."

"कोवळा पिवळा छान दिसेल," बाई म्हणाल्या, आणि टाचण्या तोंडात धरल्या.

पिवळा ब्लाऊज घालून ती वर्गावर गेली, तेव्हा अकरा नव्या मुली समोर होत्या. पहिल्याच बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तुमचा खांदा दुखतो का हो?"

"नाही. लहानपणी पडले होते," धाकटी म्हणाली. "वही उघडा."

मुलींनी वह्या उघडल्या. आभाळ कोसळलं नाही. संध्याकाळी हे तिने थोरलीला सांगितलं, तर थोरली म्हणाली, "मग? तू आल्यापासून मी हेच विचारतेय, जेवलीस का?" पण या वेळी भांडल्यासारखं नाही.

पुढे एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, बोर्ड गेले. धाकटी खिडकीवर बसून लोकांच्या तक्रारी घ्यायला लागली, समोरासमोर. टाचणीबाईंची नजर गेली तेव्हा त्यांनी दोघी बहिणींना बोलावून घेतलं. चांभाराच्या दुकानामागच्या अंगणात पत्र्याचं पिंप ठेवलं आणि भिंतीवरचे सगळे कागद जाळायला सांगितले. तीन दुपारी लागल्या. थोरली एकेक नमुना देत होती, धाकटी आत सोडत होती. बाई खुर्चीवर बसून कागदाची कड बोटांनी चाचपायच्या, क्षणभर हसायच्या किंवा मान हलवायच्या, आणि मग म्हणायच्या, "जाऊ दे."

तिसऱ्या दुपारी थोरलीला राहवलं नाही. "बाई, निदान एकीचं तरी सांगा. ती देखणी कोण होती?"

टाचणीबाईंनी चेहरा उन्हाकडे वळवला. "अगं, तोंड बंद राहावं म्हणूनच तर टाचण्या धरायची मी," त्या म्हणाल्या. "पुढचा दे."