हर्शेल प्रुइटची दहावी

आमच्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या कुणाही माणसापुढे हर्शेल प्रुइटचं नाव काढून बघा. तो आधी आपण कितव्या खेपेला पास झालो ते सांगेल. अठ्ठावीस वर्षं हा माणूस दर गुरुवारी कोर्टाच्या आवारात ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचा. सिग्नल दिला नाही तर नापास. दिला पण उशिरा दिला तर नापास. वेळेवर दिला पण चेहऱ्यावर गांभीर्य नव्हतं, तरी नापास. आमच्या चर्चच्या पाळकाला त्यानं दोनदा घरी पाठवलं, दुसऱ्यांदा तर गाडी चालवताना पुटपुटत प्रार्थना केली म्हणून. स्वतःच्या बायकोला, ओपलला, तीनदा नापास केलं. चौथ्यांदा ती गेलीच नाही. "तुझं तोंड मी स्वयंपाकघरात सहन करीन, गाडीत नाही," म्हणाली, आणि आज बाहत्तराव्या वर्षीसुद्धा ती चर्चला शेजारणीच्या गाडीतून जाते.

वेंडलला त्यानं सात वेळा नापास केलं. वेंडल तेव्हा सोळा वर्षांचा. सातव्या वेळी पोरानं सगळं बरोबर केलं, दोन गाड्यांच्या मधे गाडी लावून दाखवली, म्हातारीला रस्ता दिला. हर्शेलनं फॉर्म खालीवर दोनदा वाचला आणि पेन्सिल टेकवली. "निघताना आरसा बघितला नाहीस. नापास. पुढच्या गुरुवारी ये, कागदपत्रं घेऊन." त्याच शनिवारी शाळेचा नाच होता. वेंडल आपल्या मैत्रिणीला घेऊन नाचाला गेला तो मागच्या सीटवर बसून. पुढे त्याची आई गाडी चालवत होती आणि दर वळणावर "हात कुठे आहेत रे?" म्हणून विचारत होती. मला हे सगळं ठाऊक आहे, कारण ती मुलगी मी होते. माझं लग्न पुढे दुसऱ्याशी झालं. त्याला पहिल्याच खेपेला लायसन मिळालं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात.

असो. आता मी चोकी तलावाच्या धक्क्यावर दुकान चालवते. बर्फ, गळ, जिवंत किडे, उकडलेल्या शेंगा. हर्शेल माझं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले चार दिवस तो पिकअपमागे होडी जोडून यायचा आणि बास मासे धरायचा, तेही एकाच आमिषावर. बोटभर लांबीचं जांभळं रबरी गांडूळ. माझ्या दुकानात भिंतभर आमिषं टांगलेली आहेत, पण दुसऱ्या आमिषाकडे तो परस्त्रीकडे बघावं तसा बघायचा, म्हणजे बघायचाच नाही. लोक हसायचे. त्याला फरक पडत नव्हता.

मग गेल्या वर्षी पानगळीत लायसनच्या नूतनीकरणासाठी त्याची डोळ्यांची तपासणी आली. काउंटरवर बसलेली पोरगी त्यानंच शिकवून तयार केलेली. त्यानं तिसऱ्या ओळीतली अक्षरं चुकीची वाचली. ती बिचारी म्हणाली, "मिस्टर हर्शेल, आज ऊन फार आहे. परत एकदा वाचा ना." हर्शेलनं परत वाचली, परत चुकली. ती म्हणाली, "जवळपास बरोबर आहे की!" त्यावर यानं तिच्या हातातून फॉर्म घेतला, तिची पेन्सिल घेतली, आणि स्वतःला नापास करून, सही करून, फॉर्म तिला परत दिला. लायसन टेबलावर ठेवलं आणि सहा मैल चालत घरी गेला. पिकअप दोन दिवस तिथंच उभी होती. पाळकानं ती घरी आणून दिली, आणि मला वाटतं जरा मजेतच दिली.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते यालाच. पण त्या हिवाळ्यात पीळही जळतोय की काय असं वाटायला लागलं. घरात दोन माणसं, दोघांनाही गाडी चालवता येत नाही, आणि दोघांनाही नापास करणारा एकच. अंगणात पिकअप, पिकअपमागे ताडपत्री घातलेली होडी, आणि ओसरीवर हर्शेल दोन्हींकडे बघत बसलेला. ओपल मला फोनवर म्हणाली, "डार्लीन, हा जेवतो, झोपतो, पण मधे काही करत नाही गं. मला भीती वाटते."

जानेवारीत एक दिवस त्यानं कपाटातून जुन्या परीक्षेच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला आणि पाठकोऱ्या बाजूवर या वर्षीची ध्येयं लिहिली. मासेमारीच्या दहा नव्या पद्धती शिकणे. प्रत्येक पद्धतीत दीड पौंडाचा तरी बास धरणे. तोवर जांभळ्या गांडुळाला हात न लावणे. गांडुळांचा डबा त्यानं ओपलच्या ताब्यात दिला आणि तिनं तो पिठाच्या डब्यामागे ठेवला.

अडचणी दोन होत्या. तलावावर नेणार कोण, आणि परीक्षा घेणार कोण?

"तुमची तुम्हीच घ्या की," शेजारणीच्या गाडीतून तो दुकानात आला तेव्हा मी म्हटलं.

"स्वतःला नापास करता येतं, डार्लीन," तो म्हणाला, "पास करता येत नाही. ते नियमात बसत नाही."

तेव्हा वेंडल दुकानात शेंगा सोलत बसला होता. तो आता छप्पन्न वर्षांचा, मैल्याच्या टाक्या उपसायचा धंदा, लाल चकाकणारी होडी, आणि आमच्या मासेमारी क्लबातला सगळ्यात तयार हात. त्यानं टरफल खाली टाकलं.

"मी घेतो परीक्षा, मिस्टर हर्शेल."

हर्शेलनं त्याच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "तू तो सात वेळा वाला ना?"

"हो. चाळीस वर्षं या दिवसाची वाट बघतोय."

"गुरुवारी मोकळा असतोस का? परीक्षा गुरुवारीच असते."

ठरलं ते असं. दर गुरुवारी वेंडल त्याला घरून आणणार, होडीत बसवणार, परीक्षा घेणार, घरी सोडणार. दहा पद्धती पास झाल्या की प्रकरण संपलं. "मग तुम्ही तुमच्या ओसरीवर आणि मी माझ्या कामाला," वेंडल म्हणाला. "मला अंगठी घालून घ्यायची नाहीये तुमच्याकडून."

पहिल्या गुरुवारी दोघं माझ्या धक्क्यावरून निघाले. समोरच्याच खाडीत परीक्षा होती, मला दुकानाच्या ओसरीवरून सगळं दिसत होतं. पद्धत पहिली, चमचा. चमचाच असतो तो, चकाकणारा, खोल पाण्यात सोडून वरखाली हलवायचा. दुपारी दोघं भांडत परत आले. हर्शेलनं पावणेदोन पौंडाचा मासा धरला होता आणि वेंडलनं त्याला नापास केलं होतं.

"कारण?" मी विचारलं.

"होडीत चढताना परीक्षकाला सुप्रभात म्हणाला नाही."

"हे फॉर्मवर नाहीये!" हर्शेल ओरडला.

"'चेहऱ्यावर गांभीर्य' तरी कुठे होतं फॉर्मवर?"

हर्शेलनं फॉर्म घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या गुरुवारी तो सुप्रभात म्हणाला, चमच्यावर पुन्हा मासा धरला आणि पास झाला. मी इतका आनंद फक्त सोळा वर्षांच्या पोरांच्या चेहऱ्यावर पाहिलाय.

मग हे वर्षभर चाललं. पाण्यावर लाकडी आमिष नागमोडी चालवायचं, त्याला आमच्याकडे कुत्रं फिरवणं म्हणतात. ते शिकायला त्याला एप्रिल अख्खा लागला. बुडालेल्या झुडपात गळ आवाज न करता टाकायचा, त्यासाठी तो घरात सोफ्यावरून कॉफीच्या कपात शिशाचे गोळे टाकायचा. ओपलचे चार कप फुटले. वेंडल त्याला कशानंही नापास करायचा. टोपी वाकडी होती. मागे न बघता गळ फेकला. तलावात उजवी बाजू सोडून डावीकडून चालला. आणि हर्शेल दर वेळी चरफडायचा, फॉर्म घडी करून खिशात ठेवायचा, आणि पुढच्या गुरुवारी सहापासून कोट घालून फाटकात उभा राहायचा. त्याच्या गालांवर मांस आलं. ओपल म्हणाली, आता जेवण आणि झोप यांच्या मधे तो इतकं बोलतो की तिला भीतीच बरी होती.

ऑगस्टपर्यंत नऊ पद्धती झाल्या. उरला बेडूक.

रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून उड्या मारत आणायचा. खालून बास येतो आणि बाँब फुटल्यासारखा आवाज होतो. माणूस दचकून गळाची काठी ओढतो आणि बेडूक माशाच्या तोंडातून रिकामा परत येतो. मनात एक, दोन म्हणायचं आणि मगच ओढायचं, एवढंच शिकायचं असतं. नजर कमी असली तरी चालतं, कान पुरतात. सप्टेंबरचे चारही गुरुवार हर्शेलनं आवाज होताच काठी ओढली. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारीही तेच.

मला हे पटेना. मी ओपलला फोन केला.

"घरी जमत नाही का गं त्यांना?"

"जमत नाही? मी कपड्याच्या टबात झाडू आपटते, हा डोळे मिटून एक, दोन म्हणतो, मग ओढतो. पन्नासातल्या पन्नास वेळा. माझा झाडू मोडला."

पुढच्या गुरुवारी वेंडल होडी धुवत असताना मी हर्शेलला बर्फाच्या पेटीमागे गाठलं.

"मुद्दाम करताय ना?"

तो इतका लाल झाला की मला वाटलं आता पडतो की काय. "परीक्षार्थ्यानं परीक्षेबद्दल बाहेर बोलू नये."

"मिस्टर हर्शेल."

त्यानं टोपी काढली. "दहावी पद्धत पास झाली की मला इथं आणणार कोण, डार्लीन? त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलंय, प्रकरण संपलं म्हणून. परत ती ओसरी." मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत लबाडी करतोय. रात्री झोप येत नाही. अठ्ठावीस वर्षं लोकांना काय काय बोललो मी."

मला गलबलून आलं. या माणसानं माझा नाचाचा शनिवार खाल्ला होता, तरी आलं. "सांगून टाका ना वेंडलला," मी म्हटलं.

"परीक्षकाकडे सवलत मागायची?" तो टोपी घालत म्हणाला. "छे. पुढच्या गुरुवारी नीट करतो. जे व्हायचं ते होवो."

मी वेंडलला काही बोलले नाही. दुकानातल्या कुणालाही विचारा, मी गप्प राहिले असं कधी घडत नाही.

त्या गुरुवारी दुकानात बातमी कशी पसरली देव जाणे. ओसरीवर पाळक होता, ती डोळे तपासणारी पोरगी होती, आणि ओपलला शेजारीण घेऊन आली होती. सगळे शेंगा खात खाडीकडे बघत होते. हर्शेल होडीच्या पुढच्या खुर्चीवर ताठ बसला होता. बेडूक पानांवरून उड्या मारत आला. एकदोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. मग पाणी फुटलं. धक्क्यापर्यंत आवाज आला आणि पाळक दचकून उठला.

हर्शेल हलला नाही. त्याचे ओठ हललेले मला दिसले. एक. दोन. मग त्यानं काठी मागे घेतली आणि ती अर्ध्यात वाकली.

मासा साडेआठ पौंडांचा भरला. माझ्याच काट्यावर तोलला, सगळ्यांनी बघितला, आणि हर्शेलनं गुडघ्यावर बसून तो पाण्यात परत सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला आनंद झालेला नव्हता. तो ओल्या हातांनी उभा राहिला आणि ओपलकडे बघितलं, आणि ओपलनं मान हलवली, चालायचंच अशी. मग त्यानं खिशातून फॉर्म काढून वेंडलच्या पुढे धरला. "घे पोरा. तुझे आभार. वर्षभर त्रास दिला."

वेंडलनं फॉर्म फळीवर लावला. कानामागची पेन्सिल काढली. वरून खाली वाचलं, मग परत वरून खाली. शेंगा खाणं थांबलं होतं.

"मासा ठीक आहे," तो म्हणाला. "दोन आकडे मोजलेत, तेही बरोबर. सुप्रभात म्हणालात." मग त्यानं पेन्सिल टेकवली. "पण निघताना आरसा बघितला नाहीत."

"काय?"

"आरसा. नापास."

"अरे, होडीला आरसा नसतो!" हर्शेल एवढ्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या किनाऱ्यावरचे बगळे उडाले. "कुठल्या होडीला आरसा असतो? दाखव मला! हा अन्याय आहे! साडेआठ पौंड!"

"तेही लिहितो. वाहनात आरसा नाही." वेंडलनं खाली सही केली, फॉर्म सावकाश फळीवरून काढला आणि त्याच्या हातात दिला. "पुढच्या गुरुवारी या. कागदपत्रं घेऊन."

हर्शेल फॉर्मकडे बघत राहिला. वाचता येत नव्हतं त्याला इतकं बारीक, तरी बराच वेळ बघत राहिला. वेंडल पाठ फिरवून होडीचा दोर गुंडाळायला लागला होता, जो आधीच गुंडाळलेला होता. ती डोळे तपासणारी पोरगी उघड रडत होती. मी आत जाऊन उगाच बर्फ फोडला.

पुढच्या गुरुवारी सकाळी वेंडल त्याला आणायला गेला, तर हर्शेल फाटकात कोट घालून उभा, आणि हातात पिकअपचा डाव्या बाजूचा आरसा. स्वतः रात्रीच स्क्रू काढून ठेवला होता. माझ्या धक्क्यावर येऊन दोघांनी तो होडीला बसवला. हर्शेल खुर्चीत बसला, आरसा नीट केला, त्यात बराच वेळ बघितलं, आणि मग बेडूक टाकला.

त्या दिवशी तो सीटबेल्टवरून नापास झाला.