इन्फिनिटीनंतरचा शब्द

जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या आप्पांनी इंग्रजी भाषेची मोजणी काढली. विश्रांतवाडीतल्या फ्लॅटच्या दाराबाहेर फळा टांगला आणि रोज सकाळी खिशातल्या डिक्शनरीतला पुढचा एक शब्द खडूने लिहू लागले. ए पासून, एकही न गाळता. अर्थ डिक्शनरीतला, मूळ मात्र आप्पांच्या डोक्यातलं. बारा वर्षांत जिन्यातल्या मांजराला लॅटिन येऊ लागलं होतं. उंदीर पकडण्याआधी त्याची व्युत्पत्ती सांगायचं. बरं, पकडल्यावर सांगायचं.

'इन्फिनिटी' आला तेव्हा आप्पा पलंगाला खिळले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. ते सांगायचे, मी लिहायचो.

"लॅटिन. 'इन' म्हणजे नाही. 'फिनिस' म्हणजे शेवट, हद्दसुद्धा. हद्दीचा दगडच नाही अशी जमीन." मग हसले. "तशी असती तर आमचं खातं उपाशी मेलं असतं."

मी लिहिलं आणि उद्याचा शब्द चोरून पाहिला. 'इन्फर्म'. दुबळा, आजाराने खचलेला.

हा आमच्या दारावर लिहू? कात्रजच्या सर्पोद्यानातल्या नागाला नुसते डोळे वटारून मागे सरकवणारा मी (मध्ये काच होती, ते सोडा), मी डिक्शनरी कपाटात कोंबली. "सापडत नाही, आप्पा." डोक्यात एकच खूळ: शब्द पुढे सरकला नाही, तर आप्पाही जाणार नाहीत.

दहाव्या दिवशी समोरच्या काकू त्यांना बघायला आल्या. "अहो, तुमचा शब्द शिळा झालाय. फ्रिजमध्ये तरी ठेवा."

त्या गेल्यावर आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "पुढचा मला ठाऊक आहे. चिखल लागला म्हणून मी कधी जमीन मोजायची सोडली का रे? लिही."

एके काळी आळंदीपर्यंत जाणारा तो आवाज उशीपलीकडे पोचत नव्हता.

"उद्या लिहितो," मी म्हणालो.

सकाळी आप्पा गेले होते.

भेटायला येणारा प्रत्येक जण फळ्यापाशी थबकायचा. "वा, काय शब्द ठेवलाय!" त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं, शिळा आहे हो तो, दहा दिवसांचा!

सगळे पांगल्यावर फळा पुसला. 'इन्फर्म' लिहिलं, खाली अर्थ लिहिला. आणि मूळ विचारायला, खडू हातात तसाच धरून, आत गेलो.