प्रश्न क्रमांक तीन

बायको होती तोवर तिला सांगितलं नाही. पक्षात कुणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. बीपी कशानं वाढतं म्हणून डॉक्टर दर महिन्याला विचारतो, त्यालाही जेवणातल्या मिठाचंच कारण देतो. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जीभ जरा सैल होते आहे — बसा. वेळ आहे ना? मला तर आता वेळच वेळ आहे.

मी पाच वेळा खासदार होतो. चंद्रपूरच्या या घरासमोर तेव्हा सकाळी सहापासून माणसं बसलेली असायची. कुणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी, कुणाची बदली, कुणाच्या गावात नळ. अंगणात चपलांमधून वाट काढत मला गाडीपर्यंत जावं लागायचं. आता बेल वाजली तर दूधवाला असतो. फोन चालू आहे की बिघडला, हे बघायला मी घरातल्या लँडलाईनवरून माझ्याच मोबाईलला फोन लावतो. हसू नका हो, खरंच लावतो. आणि वाजला की दचकतो.

कधीमधी एखादा जुना माणूस बाजारात भेटतो. मी वडशाला रेल्वेगाडी थांबवली, नदीवर पूल आणला, कॉलेज आणलं — त्यातलं काहीएक त्याला आठवत नाही. आठवतं एकच. हात जोडून म्हणतो, “भाऊ, तुम्ही आमच्या तलावासाठी दिल्लीत उभे राह्यले होते. तुमचं तोंड दाबलं त्यायनं.” मी मान खाली घालतो. त्याला वाटतं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा. लाज वाटते मला.

थांबा, नीट सांगतो. माझं गाव मूल तालुक्यात, पिपरबोडी. गावामागे मोठा तलाव आणि तलावामागे जंगल. गावात अर्धी घरं आम्हा धानवाल्यांची, अर्धी ढिवरांची — मासेमारीवर जगणारी. मारोती ढिवर माझ्या वर्गातला. मला पोहायला त्यानंच शिकवलं, म्हणजे ढकलून दिलं आणि काठावर बसून हसला. पुढे तो मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष झाला, मी खासदार झालो. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा, एकटे असलो की शिव्या घालायचा. माझ्या आयुष्यात मला शिव्या घालणारी माणसं पुष्कळ झाली, प्रेमानं घालणारा तो एकटाच.

माझ्या तिसऱ्या खेपेला तलावालगतच्या जंगलाच्या जमिनीवर एक कारखाना येऊ घातला. त्याचं राखेचं पाणी तलावात उतरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जमीन जंगलाची, म्हणून मंजुरी दिल्लीची. मारोती गावच्या सह्या-अंगठ्यांचा कागद घेऊन आला. बायामाणसांनी तलावाच्या पाळीवर मांडव घातला होता, मोजणीवाले आले की आडवं पडायचं ठरलं होतं. मारोती मला म्हणाला, “मले काई देऊ नको, बाप्पा. तू फक्त तेथी उभा राह्य, आन् आमच्या तलावाचं एकडाव नाव घे.”

एवढंच मागणं होतं. मी प्रश्न टाकला. संसदेत कुणाचा प्रश्न तोंडी उत्तराला येणार हे सोडतीनं ठरतं. शेकडो जण टाकतात, आणि आला तरी यादीत खाली असला की तास संपून जातो. माझा आला तिसऱ्या नंबरावर. म्हणजे हमखास पुकारला जाणार. नाव पुकारलं की सदस्यानं जागेवर उभं राहायचं आणि फक्त क्रमांक म्हणायचा, मग मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं आणि सदस्याला त्यावर बोलता येतं. आणि सदस्य जागेवर नसला तर अध्यक्ष पुढचं नाव घेतात.

आदल्या संध्याकाळी पक्षातल्या एका बड्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. उद्या तुमचा घसा बसला तर बरं होईल, म्हणाला, आणि हसला. तिकीट कापतो म्हणाला नाही, धमकी दिली नाही. मी विचारलंसुद्धा नाही की नाहीच बसला तर काय? मीही हसलो — बघा, अजून ते हसू आठवलं की तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवशी मी अकराच्या आधीच संसदेत पोचलो होतो. घसा ठणठणीत होता. सभागृहात न जाता मी बाहेरच्या मोठ्या दालनात जाऊन बसलो, जिथं खासदार चहापाणी करतात. चहा मागवला, टोस्ट मागवला. समोर टीव्हीवर आतलं सगळं दिसत होतं. पहिला प्रश्न लांबला तेव्हा वाटलं, सुटलो, आपल्यापर्यंत येतच नाही. दुसरा मात्र झटक्यात संपला. मग अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. थांबले. पुन्हा घेतलं. कॅमेरा माझ्या बाकावर गेला, तिथं कुणीच नव्हतं. माझ्या हातात टोस्ट होता आणि मी तो खात होतो. पाच निवडणुकांना उभा राहिलेला माणूस मी — त्या दिवशी बाकावरून फक्त उठायचं होतं, तेवढं माझ्यानं झालं नाही. शेपूट घातलं मी. याला दुसरा शब्द नाही.

गावात टीव्ही होते तीनच, आणि सकाळभर भारनियमन. दुपारी मारोतीनं मूलला जाऊन बूथवरून फोन लावला.  म्हणाला, “बोल्ला का गा?” आणि मी काय म्हणावं? काही ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ, पण तोंडातून सरळ निघालं — “उभा राहिलो होतो रे. बोलूच दिलं नाही.” तिकडे तो रडायला लागला. माझ्यासाठी रडला तो!

त्या क्षणी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी आणखी पुढे गेलो. चंद्रपूरच्या पेपरवाल्यांना फोन करून तेच सांगितलं, त्यांनी तेच छापलं. आणि मारोतीला सांगितलं की मी वरती लढतोय, तुम्ही रस्त्यावर उतरू नका, मांडव काढा, नाहीतर माझं वजन कमी होईल. वजन! त्यांनी माझ्या शब्दावर मांडव काढला. मोजणीवाले आले तेव्हा पाळीवर कुणीच नव्हतं.

त्या हिवाळ्यात वडशाच्या एका नाटक कंपनीनं यावर नाटक बसवलं. आमच्याकडे धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि मंडईला नाटक असतंच. या नाटकाचं नाव होतं ‘मुका केला माझा खासदार’. मला पहिल्या रांगेत बसवलं, हार घातला. स्टेजवर माझ्यासारखं जाकीट घातलेला एक धिप्पाड नट अध्यक्षापुढे छाती पिटून ओरडत होता, आणि चार शिपाई त्याचं तोंड दाबत होते. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. शेजारी माझी बायको बसली होती, तिचा ऊर भरून आलेला. ती माझ्याकडे कसं पाहत होती ते सांगता येत नाही मला. लग्नानंतर इतक्या कौतुकानं तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. हजारभर माणसं होती त्या मांडवात. तिथं मला जितकं एकटं वाटलं तितकं या रिकाम्या घरातही वाटत नाही. नाटक संपल्यावर त्या नटानं माझे पाय धरले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, चांगलं केलंस म्हणालो.

पुढची निवडणूक मी त्या नाटकावर जिंकली, असं म्हटलं तरी चालेल. त्याच्या पुढचीही. कारखाना आला, दोन वर्षांत तलावाचं पाणी काळं पडलं, मासे उलटे होऊन काठाला लागले. ढिवरांची घरं एकेक करून रिकामी झाली. जाळी टाकणारे हात तेलंगणात मिरची तोडायला गेले. मारोतीही गेला. पाठीचं दुखणं घेऊन परत आला आणि लेकीकडे, सुशीलाकडे, भद्रावतीला राहू लागला. कुणी माझ्याविषयी वाकडं बोललं की भांडायचा म्हणे त्याच्याशी.

मागच्या उन्हाळ्यात मारोती वारला. त्याआधी पंधरा दिवस मी भद्रावतीला गेलो होतो, खरं सांगून टाकायचं ठरवूनच. एकटा गेलो, एसटीनं. रस्ताभर शब्द जुळवले. मारोती, मी आत नव्हतो. मारोती, मी चहा पीत होतो. खाटेवर तो अगदी वाळून गेलेला. मला पाहून त्याचा चेहरा असा खुलला की मी जुळवलेलं सगळं घशातच राहिलं. तरी म्हणालो, “मारोती, त्या दिवसाचं तुला काही सांगायचं आहे.” झालं! त्यानं सुशीलाला हाक मारली, शेजारच्यांना बोलवायला लावलं. सुशीला ओले हात पुसत आली, दोन बाया आल्या, एक म्हातारा आला. मारोती उशीला टेकून बसला आणि म्हणाला, “आयका आता याच्या तोंडून. सांग गा, तू उभा राह्यला तवा का झालं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी सांगितलं. अध्यक्ष कसे चिडले, मंत्री कसा मान खाली घालून बसला, माझा आवाज कसा बंद केला — आधी कधी सांगितलं नव्हतं इतकं रंगवून सांगितलं. मारोतीचे डोळे भरून आले. त्यानं माझा हात हातात घेतला, आणि मी तो घेऊ दिला.