सायलेन्सरचं पाणी

मालतीकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चालू गाडीत बसल्या होत्या आणि गाडी चालवायला कोणी नव्हतं. नेपियर टाउनमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही नुकताच भाड्यानं घेतला होता. हिवाळ्यातली सकाळ. खाली अंगणात जुनी पांढरी गाडी सुरू होती, ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि मागच्या डाव्या सीटवर सत्तरीच्या एक बाई मांडीवर पर्स घेऊन समोर बघत बसलेल्या. चालवणारा काही विसरला म्हणून आत गेला असेल, असं मला वाटलं. दहा मिनिटं कोणी आलं नाही. मग त्या उतरल्या, पुढच्या दारातून वाकून गाडी बंद केली, मागे जाऊन जमिनीकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "चलो, झालं."

जमिनीवर सायलेन्सरमधून टपकलेल्या पाण्याचा डाग होता, पोळीएवढा.

हे रोज चाले. काकूंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी रायपूरला. गाडी चालवता येत नव्हती, बाकी सगळं येत होतं. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून मी सांगायला गेले तर पाना घेऊन स्वतःच वर आल्या. "माणूस बोलावला की माणूस चहा पितो अन् नळ टपकतच राहतो," म्हणाल्या आणि पाच मिनिटांत वायसर बदलून खाली गेल्या. घरात कुठे थेंब गळलेला त्यांना खपत नसे. गाडीचा मात्र गळलाच पाहिजे. "हे म्हणायचे, पाणी टपकून राहिलं म्हणजे इंजिन ठीक आहे. गाडी तयार आहे."

मी कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते. चूक दिसली की दुरुस्त करायची, ही सवय घरीही सुटत नाही. मी त्यांना समजावलं की पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते आणि थंड सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होतं. थोडं टपकतं, बाकीचं आतच साचतं. गाडी लांब पळवली तर तापून उडून जातं. रोज दहा मिनिटं उभी चालवली तर त्याच पाण्यानं सायलेन्सर आतून सडतो. काकूंनी शहाण्या विद्यार्थिनीसारखं सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मागे जाऊन बसल्या.

पुढच्या हिवाळ्यात गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. ओमती भागातला मिस्त्री येऊन गाडीखाली झोपून बघून गेला. "दीदी, बाहर से ठीक दिख रहा है, अंदर से पूरा गल गया." नवा सायलेन्सर बसला. मी म्हटलं, आता दर रविवारी मी गाडी नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत आणि थोडी पुढे नेऊन आणत जाईन. काकू नाही म्हणाल्या. ड्रायव्हरच्या सीटवर कोणी बसत नाही, एवढंच कारण. सीट म्हणजे काही देव्हारा नाही, असं मी म्हटलं आणि वर विचारलं, "गाडी तयार ठेवून करणार काय? वेळ आलीच तर चालवणार कोण?"

काकू मटार सोलत होत्या. हात थांबले नाहीत; सोलता सोलताच त्या यजमान गेले त्या दिवसाचं सांगू लागल्या.

त्या सकाळी यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. ऑटो कशाला, ते म्हणाले, तू बस मागे, मी नेतो. काकू नेहमी मागेच बसत, कारण पुढे बसल्या की पायानं नसलेले ब्रेक दाबत आणि ते वैतागत. गाडी कित्येक दिवस बंद होती. त्यांनी चाबी फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली.

"मी मागून म्हणत राहिले, अजून एकदा मारा. अजून एकदा. मग ते थांबले. बॅटरीला आराम द्यावा लागते, असं नेहमी म्हणायचे. मला वाटलं, आराम देऊन राहिले. मी पर्स धरून बसून राहिले." त्यांनी एक शेंग फोडली. "मागून माणसाचं तोंड दिसत नाही ना, बाई."

किती वेळ, ते मी विचारलं नाही. त्यांच्यासमोर बसून मीही मटार सोलले.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी काकू वर आल्या, माझ्यापुढे चाबी धरली. "चल. पण मी मागेच बसते." सीट उंच माणसासाठी मागे सरकवलेली होती; माझा पाय क्लचला पोचेना. मी ती पुढे ओढली, खटका वाजला, आणि मागे काकूंचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी किल्लीला हात लावला तेवढ्यात म्हणाल्या, "थांब. आरसा माझ्याकडे फिरव. तुझं तोंड दिसलं पाहिजे."

मग मागचा रस्ता दिसणार नाही, मी म्हटलं.

"मागचं मी पाहते. तू मला दिसत राहा."

घाटावर पोचल्यावर त्या उतरून आधी गाडीच्या मागे गेल्या. सायलेन्सर कोरडा. "पाणी काहून नाही?" त्या घाबरल्या होत्या. मी सांगितलं, तापलाय, सगळी वाफ होऊन उडाली, हेच व्हायला हवं होतं. त्यांनी नळीजवळ तळवा धरून पाहिला. मग फुलं घेतली, पायऱ्या उतरून नर्मदेत सोडून आल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "म्हणजे पोचलेल्या गाडीचं टपकत नाही." मी दुरुस्त केलं नाही.

दोन वर्षं आम्ही असे रविवार काढले. पूर्ण रस्ताभर काकूंनी कधी खिडकीबाहेर पाहिलं नाही. आरशात त्यांचे डोळे असत, माझ्यावर रोखलेले. मला शिंक आली तरी मागून आवाज येई, "बरी आहेस?" सिग्नलला मी मान टेकली की, "डोळे उघड." बाहेरच्या दोन आरशांवर गाडी चालवायची मला सवय झाली.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. दुपारी, पलंगावर. मी समोर खुर्चीत होते, त्यांचं तोंड मला दिसत होतं. त्यानं काही फरक पडला नाही.

मुलीनं गाडी मलाच दिली. रविवारी मी ती घाटापर्यंत नेते. सर्व्हिसिंगला गेली की मिस्त्री आरसा सरळ करून देतो आणि मी त्याच्या दुकानापुढचं वळण संपायच्या आत तो पुन्हा डावीकडे फिरवते. हे चूक आहे, मला कळतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी बोलले असते. मागची सीट रिकामी असते. पण शिंक आली की मी आधी तिकडे बघते.