पेजेतली गोळी

कुणाच्याही पायावर बोट दाबून सूज बघायची मला खोड आहे. कामानं लागलेली. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. मसुऱ्यातल्या एका आजींकडे आठवड्यातून तीन सकाळी जायचे. खुबा मोडल्यापासून त्या अंथरुणावर होत्या; हृदय थकलेलं, पाय सुजलेले. सूज उतरवण्यासाठी लघवी करवणारी गोळी होती. ती दिसली की त्या तोंड घट्ट मिटायच्या, आणि गोळी चुकली की त्यांना धाप लागायची.

मग मी शक्कल लढवली. गोळी कुटून पेजेत घातली. आजींनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि मी स्वतःवरच खूश झाले. आईसाठी मुंबईची नोकरी सोडून आलेल्या त्यांच्या एकुलत्या मुलालाही ती युक्ती शिकवली.

पण माझ्या दिवशी पाय उतरायचे, मधल्या दिवशी पुन्हा फुगायचे. दोन घास खाऊन आई वाटी बाजूला सारते, असं मुलगा सांगायचा. मला पटेना. मीठ विसरत असेल, नीट कुटत नसेल. शेजारी उभी राहून मी त्याच्याकडून पेज करून घेतली, चाखलीसुद्धा. माझ्या पेजेसारखीच कडसर. मग फरक कशाचा? मला तर चैनच पडेना.

शेवटी, पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. मुलगा विहिरीवर गेला असताना आजींनाच विचारलं.

"पेजेत गोळी आसता, ता माका पयल्या दिसापासून ठाऊक आसा," त्या म्हणाल्या. "तू आसलंस की मी खातंय. तू नसलंस की मुताक करूक माजो परकर झील सोडता, माजो पोटचो पोरगो. बिचारो भिंतीकडे बघता. ता माका सोसवणा नाय गो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुग्णाची संमती वगैरे सगळं परीक्षेत लिहून पास झालेली बाई मी, आणि महिनाभर वाटत होतं की मीच त्यांना फसवतेय. मधल्या दिवशी मदतीला कोण चालेल, तेही त्यांनाच विचारलं. त्यांनी लगेच शेजारणीचं नाव घेतलं. दोघींनी अनेक वर्षं एकत्र भात लावलं होतं. शेजारीण आनंदानं तयार झाली.

पुढच्या खेपेला पेज नुसतीच दिली. गोळी आजींच्या तळहातावर ठेवली आणि ती कशासाठी आहे ते सांगितलं. त्यांनी ती बोटांत फिरवून पाहिली.

"आज किती येळ थांबतलंस?"

बारापर्यंत, मी म्हटलं.

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.