तीन भाकरीचं पान

आमच्या बायकोइतकी वाट बघणारी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायची न्हाई. शेवटच्या संध्याकाळीबी आम्ही वाटच बघत होतो. ती चुलीपुढं भाकरी थापून राह्यली होती आन् मी बाजूला बसून फोनवर सातबारा उघडून राह्यलो होतो. आमच्या चार एकरात चाळीस वरसं निंदण-खुरपण तिनं केलं, कागदावर नाव माझं एकट्याचं. एक दिवस म्हणाली, "त्या कागदावर मी कुठंय?" मंग तलाठ्याकडं अर्ज दिला, बायकोचंबी नाव लावा म्हणून. तिला शाळा न्हाई. म्हाताऱ्या बायांच्या वर्गात आपलं नाव तेवढं वाचायला शिकली होती. ते नाव सातबाऱ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं.

आमच्या गावात रेंज म्हणजे आली तर आली. पान उघडायचा वेळ ती भाकरीत मोजायची. हे दोन भाकरीचं पान, हे तीन भाकरीचं. एकदा जालन्यात एका ऑफिसात कम्प्युटर अडकला, तर कारकुनाला म्हणते, "साहेब, तुमचं आठ भाकरीचं झालं. आमच्या घरी तिनात उघडतं." तो बिचारा डबाच शोधायला लागला. पडद्यावर ते गोल फिरायला लागलं की म्हणायची, "खळ्यातला बैल हाय तो. फिरतोय तवर दाणे निघून राह्यलेत. मधीच सोडू नका." फोन तापला की पदरानं वारा घालायची.

मी मात्र बिलकुल घाईचा. चौथी भाकरी तव्यावर पडली की माझं बोट मागं जायच्या बाणावर. मंग जिल्हा गेला, तालुका गेला, गाव गेलं, गट नंबर गेला. सगळं परत भरा. "घ्या! आले का परत वेशीवर?" ती म्हणायची. "लग्नातबी अक्षता पडायच्या आधीच पाटावरून उठले होते तुम्ही."

त्या संध्याकाळी पाच भाकरी झाल्या, सहावी थापलेली, आन् मी बाण दाबला. पिठाचे हात तसेच धरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"येत होतं की हो," म्हणाली. मंग हसली. "राहू द्या. सकाळी बघू. जेवा आता."

जेवणं झाली आन् तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडी करून जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेली.

सकाळी तिला अंगणात निजवलं होतं. लेक यायची होती म्हणून सगळे थांबलेले. मी आत जाऊन चुलीपुढं तिच्या पाटावर बसलो. जिल्हा भरला, तालुका भरला, गाव, गट नंबर. गोल फिरायला लागलं. तिचा भाऊ दारात आला.

"दाजी, हे काय करून राह्यले? माणसं बघतात."

"थांब," मी म्हणलो.

तो थांबला. मंग हळूच म्हणला, "अडकलंय ते. मागं घ्या, परत टाका."

मी बोटं मुठीत धरली.

उघडलं. माझ्या नावाखाली तिचं नाव होतं. फोन तसाच घेऊन अंगणात गेलो आन् तिच्या तोंडापुढं धरला. चांगला तापला होता.

किती भाकरीत उघडलं ते सांगता येत न्हाई. त्या सकाळी आमची चूल पेटलेली नव्हती.